लाल फडकं आणि सांतानची गिरण

सांतान फर्नांडिस आणि बर्फाच्या कारखान्यातली विधवा वेरोनिका यांचं काहीतरी आहे, अशी कुजबूज चौसष्ट साली आमच्या बंदरावर होती. दिवसातून तीन-चारदा ती कारखान्याच्या खिडकीत लाल फडकं टांगायची आणि समोर दाजी परबांच्या गिरणीत भात कांडणारा सांतान वळून वळून तिकडे बघायचा. ही बातमी तीन घरांत मीच पोचवली. खोटं कशाला बोलू?

कामाला मात्र सांतान लाखात एक! वीज नवी आणि लहरी. बर्फाचं यंत्र सुरू झालं की साऱ्या वाडीचे दिवे मंदावत आणि गिरणीची मोटार दमे. वेग पडला की भात अर्धवट सोललेलं येई, चढला की तांदळाची कणी होई. आधीच्या गड्याने तर एक मोटार जाळलीच होती. सांतान भात सोडायच्या झडपेवर हात ठेवून कान लावून उभा. मोटार दमली की भात कमी, उधळली की जास्त. दिवसभर तिचा सूर एकच, आणि तांदूळ सबंध.

काशीबाईने लेकीच्या, जानकीच्या, लग्नाचं भात आणलं, नेमकी त्याच सकाळी दाजींनी अब्रूपायी गिरणीच्या त्या बाजूच्या खिडकीवर फळी ठोकली.

"तुझो जीव गिरणीत आसा की बर्फात रे?"

"मोटारीत आसा, दाजी. तिचो आवाज बसलो की माझो बसता."

तासाभरात आवाज बसलाच. सांतानने झटकन झडप मिटली, मोटार वाचली. पण आतलं भात संपलं, वीज सावरली आणि रिकामी मोटार उधळली. झडप उघडताच त्या वेगात सापडलेल्या भाताची पहिली टोपली कणीची!

काशीबाई कडाडली, "वऱ्हाडाक कणयांची पेज वाढू काय रे?"

"दाजी, फळी काढा, नायतर माका काढा," सांतान म्हणाला.

दाजींनी स्वतः पहारीने फळी उचकटली. दुपारपर्यंत उरलेलं भात कांडून झालं. काशीबाईने मूठभर तांदूळ उन्हात धरून पाहिले आणि घासाघीस न करता मजुरी मोजून दिली. तिच्या बाबतीत हे प्रशस्तिपत्रच.

वेरोनिका फडकं टांगायची, ते बर्फाचं यंत्र दोन मिनिटांत सुरू होणार म्हणून. ते बघून सांतान भात आधीच कमी करायचा. त्या दोघांत बाकी काही नव्हतं.