गाडीखालचं कुंकू

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांचा एकच हट्ट होता, रत्नागिरीकडच्या आमच्या गावदेवीपुढे एकदा स्वतःच्या हाताने नारळ ठेवायचा. डॉक्टरांनी जा म्हटलं, पण पुन्हा जमेल असं नाही, हेही त्यांच्या बोलण्यात होतंच. नेमका त्याच आठवड्यात आमच्या जुन्या गाडीचा रेडिएटर फुटला. खरं सांगतो, मी देवीवरच चिडलो. तुलाच भेटायला येतोय ना, मग वाट कशाला अडवतेस?

त्याच रागात नवा रेडिएटर मी स्वतः बसवायला घेतला. सगळी नोकरी कारखान्यात पाना फिरवण्यात गेली, त्यामुळे थोडी मस्तीही होती. आमची गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्सचं तेल दोन बारीक नळ्यांतून रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं. या नळ्यांचे नट आधी बोटांनी फिरवायचे, आटे सरळ बसले की मगच पाना लावायचा, हे मी कित्येक नव्या कामगारांना शिकवलंय. खालचा नट बोटांनी फिरेना. मी पाना लावला आणि जोर केला. बसला, असं मला वाटलं.

सकाळी भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीच्या गेटापाशी गाडी सुरू करून ठेवली. बायकोने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. बाबा मागे उशीला टेकून बसलेले, देवीचा नारळ मांडीवर घट्ट धरून. पुढच्या चाकाजवळ लाल थेंब दिसले. नारळाच्या पाण्याने कुंकू ओघळलं, असं समजून मी आत बसायला दार उघडलं.

तेवढ्यात मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण थांबली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. कपाळाला लावायला तिने वाकून ते लाल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं.

"दादा, ह्ये कुकू न्हाय. तेल हाय."

मी खाली डोकावलो. त्याच नटातून गिअरबॉक्सचं लाल तेल थेंब थेंब गळत होतं. आधी इंजिन बंद केलं. घाटात गिअरबॉक्स बंद पडला असता तर बाबांना घेऊन मी काय केलं असतं?

नट सोडला. तो वाकडा होऊन पहिल्याच आट्यावर अडकला होता. आटे पुसले आणि डोळे मिटून तो नुसता बोटांत धरला. जोर केला नाही. या वेळी तो आपसूक फिरत गेला. मग पाना लावला, तेल भरलं, गाडीखाली वर्तमानपत्र पसरून अर्धा तास इंजिन चालवलं. कागद कोरडा राहिला. मान वर केली तर कोळीण निघून गेली होती. तिला प्रसादाचं खोबरंही द्यायचं राहिलं.

"उशीर झाला हो, बाबा."

"होऊ दे रे. देवी काय कुठे पळून जातेय?"

दुसऱ्या दिवशी देवळात बाबांचे हात फार थरथरत होते. सवयीने मी नारळ धरून पुढे करायला गेलो, आणि थांबलो. खूप वेळ लागला, पण त्यांनी तो स्वतःच ठेवला. मला रडू आवरलं नाही.

आई, वाट अडवलीस म्हणून तुझ्याशी भांडलो, ते पोटात घाल. तुझ्या पायाशी ठेवलेल्या त्या नारळाचं थोडं खोबरं मी वाळवून ठेवलंय. कोळणीची हाक ऐकू आली की अजूनही ते घेऊन गेटापर्यंत जातो.