रसूलचे तळे

एकवीस जुलै २०२४, रविवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रसूल शिकलगारचा फोन आला. "अण्णा, बांधाच्या पायथ्याला पाणी गढूळ यायला लागलंय," एवढेच तो बोलला. मी मुलाला गाडी काढायला सांगितली.

रसूल आणि मी कोल्हापुरात एका बाकावर शिकलो. मी पाटबंधारे खात्यात गेलो. त्याने शिरोली एमआयडीसीत ओतकामाचा कारखाना काढला. कोणतीही वस्तू हाती आली की बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायची आणि मान तिरकी करून ऐकायचे, ही त्याची सवय. ओतलेला भाग असो, कलिंगड असो, चहाचा कप असो. मुलीला स्थळ सांगून आले तेव्हा त्याने मुलाच्या मोटारसायकलवर टकटक केली होती. "आवाज सांगतोय की, आत पोकळ हाय का भरीव," असे तो म्हणे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्याने भर सभेत माझ्या पाठीवर पेर वाजवले आणि जाहीर केले, "अण्णा भरीव हाय, पर गंजलाय."

त्याचे दुसरे वाक्य साच्याविषयी होते. साच्यात बारीक भोके ठेवतात. वितळलेले लोखंड ओतले की आतला वायू त्यांतून निघून जातो. "वाट ठेवावी, न्हाईतर साचा फुटतोय." भावाभावांच्या भांडणात, कामगारांच्या संपात, सुनेच्या रुसव्यात त्याने हेच सांगितले, आणि बहुतेक वेळा त्याचे खरे ठरले.

कोडोलीजवळच्या आपल्या जमिनीत ओढ्याला मातीचा बांध घालून त्याने तळे केले. शेतीसाठी नव्हे. त्याची पत्नी हलिमाभाभी यांना पाण्याकाठी बसायला आवडे, म्हणून. आराखडा मी दिला. नातवंडांसाठी एक होडी आली, काठावर दगडी पायरी बसली, आणि भाभींनी बांधावर जांभळीचे रोप लावले. मी हरकत घेतली. झाडाची मुळे बांधात शिरतात आणि पाण्याला वाट करून देतात. भाभी म्हणाल्या, "भाईजान, तुमच्या धरणांवर सावली नसती, म्हणून तुमी असं करपल्यागत दिसताय." रोप उपटीन असे त्या दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी त्याला पाणी घालीत.

बाकी देखभालीत मात्र त्या कोणाची हयगय चालू देत नसत. मृगाआधी तळे उतरवायचे, म्हणजे रिकामे करायचे. तळाशी असलेला व्हॉल्व्ह उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. बांधावरचे गवत कापून खेकड्यांची बिळे शोधायची आणि माती ठासून बुजवायची. ते झाल्याखेरीज रसूलला चहा मिळत नसे. व्हॉल्व्हची लोखंडी चावी त्याने स्वतःच्या कारखान्यात केली होती. जांभळीचे खोड हातभर जाड झाल्यावर भाभींनी त्यात खिळा ठोकला आणि चावी तिथे टांगली.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात भाभी गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्या रोज पायरीवर पाय पाण्यात सोडून बसत. त्या वर्षी तळे उतरवायचे राहिले. पुढच्या वर्षी रसूलने उतरवू दिले नाही. त्याच्या पुढची दोन वर्षेही नाही. मी स्पष्ट सांगितले की न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून घट्ट धरतो, आणि भरल्या तळ्याचा बांध तपासता येत नाही. वाट ठेवावी, हे त्याचेच वाक्य त्याला ऐकवले. तो टेबलावर पेर वाजवीत राहिला. मग म्हणाला, "तिच्या पायाला लागलेलं पाणी हाय ते, अण्णा. सोडू कसं?"

मी कोडोलीला पोहोचलो तेव्हा जांभळीच्या बरोबर खाली, बांधाच्या पायथ्याशी, मनगटाएवढी धार लागली होती. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर थोडे थांबता येते. गढूळ असेल तर बांध आतून वाहून चाललेला असतो. खाली ओढ्याकाठी मळ्यातली वस्ती होती. रसूलने मी येण्याआधीच ती हलवायला घेतली होती. एका शेतकऱ्याने जाता जाता ऐकवले, "चाचा, हौस तुमची आन घरं आमची व्हय?"  रसूलने त्या माणसाच्या म्हशीचे दावे हातात घेतले आणि तिला स्वतः वरच्या रस्त्यावर नेऊन बांधले.

चावीला लांब पाइप जोडून ती काठावरून पाण्याखालच्या व्हॉल्व्हला लावली आणि चौघांनी जोर लावला. व्हॉल्व्ह हलला नाही. उरला एकच उपाय. बांधाला हात न लावता, बाजूच्या कठीण मुरमातून चर खोदून तळे रिकामे करायचे. जेसीबी आला. चर कुठून आणि किती खोल, ते मी आखून दिले. चालक मालकाच्या तोंडाकडे पाहत थांबला.

रसूल पाण्याकडे पाहत होता. पाऊस सुरूच होता. "फोड," तो म्हणाला. "वाट कर."

वस्तीतल्यांनीच पाणी उपसायची इंजिनेही आणून लावली. दुपारपर्यंत धार बारीक झाली, नंतर थांबली. बांध उभा राहिला. एकही घर गेले नाही. संध्याकाळी तळाचा चिखल उघडा पडला. रसूल त्यात उतरला. वाकून त्याने भाभींच्या पायरीवर पेर वाजवले आणि मान तिरकी केली. काय ऐकू आले, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. पुढल्या महिन्यात तो झोपेतच गेला. विचारण्याची संधी उरली नाही.

त्या संध्याकाळी त्याने व्हॉल्व्हभोवतीचा गाळ हातांनी काढला. रॉकेल ओतले, वाट पाहिली, चावी लावली. व्हॉल्व्ह करकरला आणि फिरला. त्याने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि उघडाच ठेवला. मग बांधावर आला. सवयीने चावी जांभळीकडे नेली आणि थांबला. झाड आता काढावे लागणार, हे मी त्याला सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही. त्याने पकडीने खोडातला खिळा उपटला. खिळा वाकला होता. दगडावर ठेवून त्याने तो ठोकून सरळ केला, तळ्याशेजारच्या शेडच्या खांबात मारला, आणि चावी पुसून त्यावर टांगली.