तोंड ऱ्हाऊ दे, फ्रीज दाव

“तोंड ऱ्हाऊ दे. फ्रीज दाव.”

परदेशात शिकणाऱ्या पोरापोरींशी व्हिडिओ कॉलवर सिस्टरांचं हे पहिलं वाक्य. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या या नर्सबाई अवसरी बुद्रुकला राहायच्या. ज्याचं पोर परदेशी, ते घर कॉलच्या वेळी त्यांना बोलवायचं.

मी तेव्हा ‘परदेशी शिकताना तब्येत सांभाळा’ असं पत्रक घरोघर वाटत होतो. सकस खा, पाणी प्या, वेळेवर झोपा. मला या बाईचाच संशय यायचा. दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये डोकावणं म्हणजे पाळत नाही तर काय?

“सिस्टर, हे खाजगी असतं,” मी एकदा सुनावलं.

“मेल्यावर लई खाजगी व्हतं, भाऊ,” त्या म्हणाल्या आणि माझ्याच पत्रकावर चहाची बशी ठेवली.

त्यांचा विश्वास कुणावरच नव्हता. ‘मी मजेत’ म्हणणाऱ्यावर तर अजिबात नाही. तुम्हीच सांगा, आपल्याकडची रीत काय? लांबच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, आणि लांबच्यानंही घरी कळवायचं नाही. दोन्हीकडून नुसतं “बरं आहे.”

पारगावची एक मुलगी जर्मनीत शिकत होती. एका मंगळवारी तिच्या आईनं आम्हा दोघांना बोलावलं. इकडं दुपार, तिकडं सकाळ. मुलीनं फ्रीज उघडला. भाज्या, फळं, दूध, गच्च भरलेला. आई हरखली. मी तर म्हणालो, “बघा, पत्रक पाळलंय!”

सिस्टरांनी चष्मा पुसला. “खानाऱ्याचा फ्रीज असा भरल्याला नसतो. दुधाचं सील तरी फोडलंय का गं?”

मुलीनं फ्रीजचं दार लावून टाकलं.

“खिडकीपाशी जा. डोळ्याखालची कातडी वढ. लघवी कसली व्हतीय?”

“सिस्टर, काय पण!”

“सांग.”

“काळ्या चहासारखी... आठ दिवस झाले.”

आई फोनपुढं सरकली. “मग दवाखान्यात का नाय गेलीस?”

“ॲडमिशनवाला एजंट म्हणाला होता, आजार नोंदला गेला की व्हिसा वाढत नाही.”

हायवेला पार पेठ गावापर्यंत याच एजंटचे फ्लेक्स. हसरी पोरं, वर विमान. या माणसानं पोरीला आजारपण लपवायला शिकवलं होतं! माझं डोकं फिरलं. मी त्याच्या नावानं ओरडायला लागलो.

“भांड मागनं,” सिस्टर म्हणाल्या. “तुझ्या पत्रकात हाय का ह्याच्यावर काय?”

नव्हतं. एक ओळही नव्हती.

“मग तिच्या विम्याचा कागद वाच. मोठ्यांदा.”

आईनं फायलीतनं काढून दिला, मी वाचला. दवाखान्याचा खर्च मिळतो, असं स्वच्छ लिहिलेलं. व्हिसाबद्दल त्यात अवाक्षरही नव्हतं. तरी पोरगी म्हणे, “उद्या जाते.”

“उद्या न्हाई. चप्पल घाल. फोन चालूच ठेव, रस्ता दाव.”

मागच्या वर्षी सिस्टर गेल्या. पत्रक मी नव्यानं लिहिलंय, एजंटच्या थापेपासूनच सुरू होतं. पण डोळ्यांपुढं येते ती तीच दुपार. पोरगी विद्यापीठाजवळच्या दवाखान्यात शिरली, फोन खिशात गेला, पडदा काळा झाला. आतून जर्मन ऐकू येत होतं. सिस्टरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी फोन कानाला दाबून त्या ताठ बसल्या होत्या.

“डॉक्टरच बोलतोय ना वो?” आईनं विचारलं.

“गप. ऐकू दे.”

बऱ्याच वेळानं पोरीचा आवाज आला, रडवेला. “सिस्टर, कावीळ आहे. ॲडमिट करतायत. मला लई भ्या वाटतंय.”

सिस्टरांचे खांदे सैल पडले.

“आता खरं बोलतीय पोरगी,” त्या म्हणाल्या, आणि फोन आईच्या हातात दिला.