किराईताचे दहा थेंब

माझ्या भावाने एका माणसाला अकरा पुस्तकांत दारू पाजली आणि स्वतः आयुष्यात तिचा थेंबही घेतला नाही. हे मी पूर्वी लोकांना अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

मी त्याला दादा म्हणे. मालवणात एका लहानशा वाचनालयात तो कामाला होता. पुस्तके द्यायची, घ्यायची, फाटलेली शिवायची, वर्तमानपत्रे काठीला अडकवायची. त्याने लग्न केले नाही. मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आले आणि शाळेत शिकवू लागले. घरात आई, तो आणि मी.

पन्नास सालानंतर केव्हातरी त्याने हेरकथा लिहायला घेतल्या. मुंबईचा एक प्रकाशक त्या छापत असे. पुस्तकावर दादाचे नाव नसे. प्रकाशकाने ठरवलेले एक भारदस्त नाव असे. दादाचे अक्षर छापखान्यात लागत नव्हते, म्हणून प्रत्येक पुस्तकाची स्वच्छ प्रत मी करून देई. त्याचा हेर आपल्याच बाजूचा होता. दर पुस्तकात एकदा तो बांद्याच्या पलीकडे हद्द ओलांडून पोर्तुगीजांच्या गोव्यात शिरे, तिथल्या एका खानावळीत बसे, आणि काम सुरू करण्याआधी त्याचे ठरलेले पेय मागवी. दादा स्वतः गोव्यात कधी गेला नव्हता. बांद्याला आमची मावशी राही. तिच्याकडे गेला की नाक्यावर थांबणाऱ्या गाड्या बघत उभा राही, एवढाच त्याचा परदेशाशी संबंध.

हेराला स्वतःचे असे एक पेय हवे, ही प्रकाशकाची सूचना होती. इंग्रजी कादंबऱ्यांत तसे असते, असे त्याने लिहिले होते. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी. विचारायचे कुणाला? धामापूरला तळ्याच्या वरच्या अंगाला एक म्हातारा राही, जन्मभर बोटींवर बटलर म्हणून काम केलेला. एका रविवारी दादा मलाही बरोबर घेऊन त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्याने आम्हाला अंगणात बसवले आणि परीक्षेला बसवावे तसे दादालाच प्रश्न विचारले.

“तुझो हेर खंयचो?”

“आपल्याच बाजूचो.”

“मगे जिन नको. काजूची घाल. आंबट काय तरी होया. आणि कडू, थोडेच थेंब. तेच्याशिवाय ती दारू न्हय, सरबत.”

कडू म्हणजे काय, हे मात्र त्याला नीट सांगता येईना. बोटीवर एक बारकीशी बाटली असे, तिच्यावर कागद गुंडाळलेला असे, साहेब लोक तिच्यातले दोन थेंब मागत. कशाची होती? झाडपाल्याचीच असणार, तो म्हणाला.

त्या आठवड्यात आईला हिवताप होता. मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी किराईताच्या कडू काड्यांचे पाणी गाळत होते. आमच्याकडे पोरवयात प्रत्येकाने नाक दाबून प्यालेले हे पाणी. एक घोट घेतला की गूळ खाल्ला तरी तासभर जीभ कडूच राहते. दादा दारात कागद घेऊन उभा होता. मी वर न बघताच म्हटले, “ह्या घाल.”

त्याने घातले.

ते पेय असे. काजूची फेणी दोन भाग. कोकमाचा आगळ एक भाग. आगळात मीठ असतेच, तेव्हा वेगळे घालायचे नाही. अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, आणि वरून किराईताचे दहा थेंब. चमच्याने ढवळायचे नाही. दोन पेले घ्यायचे आणि एकातून दुसऱ्यात, हात उंच नेऊन, सात वेळा ओतायचे. आई आम्हाला चहा निववून देई तसे. पेला ओल्या वाळूत पुरून गार केलेला असावा, कारण बर्फ आम्ही कुणी फारसा पाहिला नव्हता. खानावळवाला सात वेळा ओतेपर्यंत हेर खोलीतली माणसे मोजून घेई, आणि सातव्या ओतण्याला त्याला कळलेले असे की यातला शत्रू कोणता.

लिहून झाल्यावर दादाने ते म्हाताऱ्याला वाचून दाखवले. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

“किराईत? अरे, तुझो हेर काय तापाचो पेशंट आसा?” मग गंभीर होऊन त्याने विचारले, “चाखून बघितलंस?”

“नाय.”

“मगे लिवलंस कसा?”

तो प्रश्न दादाला लागला. परतताना एस.टी.त तो मला म्हणाला की खून केल्याशिवाय खुनाचे लिहिता येते, मग हे का येऊ नये. मी म्हटले, येतेच. त्या वेळी मला तसेच वाटत होते.

लोकांना ते पेय भलतेच आवडले. प्रकाशकाकडून पत्रांचे पुडके येई. कुणी विचारी, आगळ मिळत नसेल तर चिंच चालेल का. एका शिक्षकाने लिहिले होते की फेणी वगळून बाकी सगळे त्याने वडिलांना दिले आणि त्यांचे पोट साफ झाले. अशी पत्रे आम्ही तिघे जेवताना वाचत असू आणि आईसुद्धा हसे. प्रकाशकाने पुढे पुस्तकाच्या शेवटी कृती छापली, खाली एक टीपही टाकली की ही केवळ मनोरंजनासाठी आहे, वाचकांनी कायदा पाळावा.

गावात मात्र वेगळे बोलले जाई. टपालकचेरीमुळे लेखक कोण ते सगळ्यांना ठाऊक होते. इतके बारीक लिहितो म्हणजे पीत असणारच, बांद्याला मावशीकडे काय उगाच जातो? शाळेत एक बाई मला सहानुभूतीने विचारत, भावाची तब्येत कशी आहे. मी प्रत्येकाला सांगे, तो पीत नाही. सांगून सांगून माझा आवाज चढू लागला होता. दादा म्हणे, “तू कित्याक सांगतस गो? हेर पिता ता तेंका दिसता, मी नाय पीत ता कसा दिसतला?”

मग गोवा मुक्त झाला. आम्ही साखर वाटली. दादानेही वाटली. आठ-पंधरा दिवसांनी प्रकाशकाचे पत्र आले: हद्दच राहिली नाही, तर आपला नायक आता ओलांडणार काय? दादाने बारावे पुस्तक लिहिले, त्यात हेर मोकळ्या गोव्यात जुन्या खानावळीत परत जातो. मी प्रत केली. माझ्या मते ते त्याचे सगळ्यांत चांगले पुस्तक होते. ते परत आले.

पुढच्या वर्षी वाचनालयात नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यात तोच हेर होता आणि वर तेच भारदस्त लेखकाचे नाव. कथा युरोपातल्या एका हॉटेलात घडत होती. प्रकाशकाने दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतली होती, आणि तसा त्याला हक्क होता. नाव आणि नायक दोन्ही त्याचेच, असे दादाने पूर्वीच सही करून दिले होते. मी शाळा सुटल्यावर तिथे गेले तेव्हा दादा त्या पुस्तकाला नंबराची चिठ्ठी चिकटवत होता. त्याने पान उघडून माझ्यासमोर धरले. हेर व्हिस्की-सोडा मागवत होता.

“ह्या तो पिवचो नाय,” दादा म्हणाला. मग त्याने पुस्तक रांगेत लावले, आपल्या अकरा पुस्तकांच्या शेजारी, कारण लेखकाच्या नावाप्रमाणे ते तिथेच जायला हवे होते.

त्यानंतर त्याने लिहिले नाही. दोन वर्षांनी त्याला कावीळ झाली, ती उतरली नाही, पोटात पाणी होऊ लागले. कणकवलीहून डॉक्टर आले. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, किती वर्षांपासून पितात? मी म्हटले, माझा भाऊ पीत नाही. ते नम्रपणे हसले. ते हसू मला आजही दिसते.

त्या आजारात, एका दुपारी, दादाने मला उशाखालून औषधाची एक बाटली काढून दिली. आत फेणी होती. मावशी बघायला आली तेव्हा तिच्याकरवी त्याने ती आणवली होती. डोक्याला चोळायला म्हणून. आगळ घरात होताच. लिंबू होते. किराईत तर होतेच.

“एकदा करून दी गो,” तो म्हणाला. “घोटभरच. तेका इतकी वर्सां पाजलंय, आणि ता बरा लागता काय वायट, माकाच ठावक नाय.”

डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. पण मी खरे सांगते, मला डॉक्टर आठवले नाहीत. मला आठवले की शेजारच्या खिडकीतून आमचे माजघर दिसते. वास जाईल. आणि इतक्या वर्षांचे माझे सांगणे एका पेल्यात खोटे होईल. मी म्हटले, “तू बरो हो, मगे बघूया.” बाटली मी किराईताच्या डब्यामागे ठेवली. त्याने पुन्हा मागितले नाही. अकराव्या दिवशी तो गेला.

आमच्या घरी मेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचे देण्याची लाज कधी नव्हती. म्हाळाच्या वाडीत, म्हणजे पितरांसाठी बाहेर ठेवायच्या पानात, आजोबांसाठी विडी असे. माडी पिऊन गेलेल्या एका चुलत आजोबांसाठी माडीचा पेला असे, तोही दारूबंदीच्या काळात. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या बाजूने बोलण्यासारखे ते काही ठेवत नाही.

दहाव्याला पुरुष किनाऱ्यावर गेले. बायका तिथे जात नाहीत; मी आईजवळ बसले होते. ऊन चढले तसे दादाचे दिवस करणारे आमचे काका एकटेच परत आले, वाळूने भरलेल्या पायांनी, आणि ओटीवर न चढता खालूनच बोलले.

“कावळो शिवणा नाय. बहिणीक सांभाळूया म्हटला, आवशीक सांभाळूया म्हटला, पुस्तका परत छापून घेवया म्हटला. बसलेहत सगळे कावळे, पण शिवणत नाय. तेना तुका काय सांगलेला गो? काय होया होता तेका?”

मी म्हटले, नाही.

काका पायरीशी सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “काय आसला तरी सांग. दारू आसली तरी सांग. पेलोभर ठेवूक माका काय जड नाय.”

आई माझ्याकडे बघत होती. ओसरीवर शेजारच्या दोघी बसल्या होत्या.

“तो पीत नव्हता,” मी म्हणाले. घरच्या भाषेत नाही, शाळेत बोलते तशा भाषेत.

काका परत गेले. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. तशी सोय शास्त्रात आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी पहाटेच पेला ओल्या वाळूत पुरून ठेवला. वाडीचे पान वाढून झाल्यावर आगळ, लिंबू आणि साखर काढली, डब्यामागची बाटली काढली. ती वर्षभर तशीच होती. किराईताचे थेंब मी मोजून दहाच टाकले. मग सात वेळा ओतले. पेला घेऊन बाहेर आले तर काका पानापाशी उभे होते. त्यांनी वास घेतला.

“तेचा?” त्यांनी विचारले.

“तो पिय नव्हतो,” मी म्हणाले. “पण तेका ह्या होया होता.”

“मगे माका दर्भ कित्याक तोडूक लावलंस?” एवढेच काका म्हणाले.

मी पेला पानावर ठेवला. कावळे आले. वडे नेले, खीर विस्कटली. पेल्याला एकाचा पंख लागून तो कलंडला. चोच कुणी लावली नाही. सगळे उडून गेल्यावर मी तो उचलला. तळाशी घोटभर राहिले होते, ते मी प्याले. आधी आंबट-खारट, घरच्यासारखे. मग घसा जळाला. आणि मग किराईत आले आणि त्याने बाकीचे सगळे पुसून टाकले. फेणी गेली, कोकम गेले, जिभेवर फक्त ताप आलेले बालपण उरले. ते वाईट होते. पिण्यासारखे नव्हते. दादाला एका घोटात कळले असते. त्याने तोंड वाकडे केले असते, मला दोष दिला असता, आणि आम्ही हसलो असतो.

काकांनी ही गोष्ट कुठेतरी सांगितली. वाईट हेतूने नव्हे, मन हलके करायला. आठवडाभरात गावात सगळ्यांना माहीत झाले की बहिणीनेच शेवटी पेला ठेवला. शाळेतल्या त्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मी त्यांना ‘तो पीत नव्हता’ असे सांगायला गेले नाही.

बाराव्या पुस्तकाची मी केलेली प्रत अजून माझ्याकडे आहे. प्रत करताना त्याचा काना-मात्राही बदलायचा नाही, असा आमचा करार होता आणि तो मी बारा पुस्तकांत पाळला. वर्षश्राद्धाच्याच दिवशी संध्याकाळी मी खानावळीचे पान काढले, ‘दहा थेंब’ खोडले आणि वर ‘तीन’ लिहिले. मग वाटले, असा आकडा निदान दोनदा तरी चाखून ठरवायचा असतो. बाटलीत अजून फेणी होती. ते पेय मी पुन्हा केले नाही.