बाजींची शेवटची परीक्षा

पोरांच्या गोष्टींमागं एवढी हात धुऊन लागलेली बाई अख्ख्या अहमदपूर तालुक्यात दुसरी सापडायची नाही. मराठी शिकवायच्या, सगळी शाळा त्यांना बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची, हेडमास्तरसुद्धा. निबंध हातात आला की पहिला परिच्छेद न वाचताच त्यावर काट. "पहिला परिच्छेद भीतीत जातो. गोष्ट त्याच्या पुढं असते." आठवीतल्या पोरांच्या गोष्टीत वाघ यायचा, चोर यायचा, आणि शेवटी 'एवढ्यात मला जाग आली'. असं लिहिणाऱ्याला बाजी भर वर्गातून नळावर पाठवत. "जाग आली न्हवं? मग तोंड धुऊन ये." शेवटची परीक्षा मात्र खिचडीच्या शेडमध्ये. गोष्ट खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सांगायची. मावशींच्या हातातला डाव ढवळायचा थांबला, तर पास.

मी तेव्हा नवा लागलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. दारावरच्या पाटीत नावापेक्षा पदव्याच मोठ्या. पोरांना नमुना दाखवावा म्हणून मी 'माझ्या पदवीचा दिवस' लिहून वर्गात वाचला. बाजी मागच्या बाकावर होत्या. म्हणाल्या, "छान. चला मावशींकडं." चाळीस पोरं मागं. तिसऱ्या ओळीत मी 'कृतकृत्य' झालो, तशा मावशी म्हणाल्या, "सर, जरा सरका की, धूर लागायलाय तुम्हाला."

पोरं खिदळली. ज्यांना वर्षभर गोष्ट लिहायला शिकवायची, त्यांच्यादेखत माझी एम.ए. चुलीत गेली.

बाजी हळूच म्हणाल्या, "कागद खिशात ठेवा, सर. तुमच्या बाबांनी त्या दिवशी काय केलं ते सांगा."

मग सांगितलं. पदवी मामाला दाखवायला बाबा मला घेऊन कंधारहून एसटीनं निघाले. जागा एकच मिळाली. तिथं त्यांनी पदवी ठेवली अन् स्वतः उभे. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कागद मांडीवर घ्या, बसा की." बाबा म्हणाले, "न्हाई, चुरगळंल. मला काय, उभं राहायची सवय हाय." आणि मी, पदवीधर, शेजारीच उभा राहून खिडकीबाहेर बघत होतो. हे माझे कोणी नव्हेत, असं तोंड करून.

डाव थांबला होता. खिचडी करपली, पोरांनी मुकाट खाल्ली. बाजी म्हणाल्या, "पास. पाटी तेवढी लहान करा."

गेल्या उन्हाळ्यात बाजी निवृत्त झाल्या, लेकीकडं नांदेडला गेल्या. आता नळावर पोरं मी पाठवतो. खिचडी करपली की त्यांना फोन करतो. 'आठवण येते' असं लिहिलं तर त्या काट मारतील, म्हणून काय करतो तेवढंच सांगतो. शिक्षकांच्या खोलीतल्या त्यांच्या खुर्चीवर मी वह्यांचा गठ्ठा ठेवतो आणि उभ्यानंच तपासतो.