एकशे सदतिसावी ओळ

परवा ऑफिसातल्या एका इंजिनियरला मी सगळ्यांदेखत झापलं. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर सेटअप टाकताना समोर आलेली खिडकी न वाचता त्यानं बटण दाबलं होतं. "म्याडम, एक फाइलच तर बदलली," असं तो वर म्हणाला. एक फाइलच! माझं डोकं असं फिरलं की मी उठून गॅलरीत गेले. त्याला काय माहीत, ही चूक आधी माझी होती.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. शिवाजी पेठेत तालमीला लागून दोन खोल्या घेऊन मी सॉफ्टवेअरचा धंदा मांडला होता. बाईमाणूस, त्यात तोंडानं फटकळ. लोक आधी बघायला यायचे आणि मग कामाचं बोलायचे. फौंड्रीत ओतलेलं कास्टिंग तपासून झालं की त्याचा दाखला छापणारा एक प्रोग्रॅम मी केला होता. एका फौंड्रीनं तो घेतला, आणि तिथं चालला तर आणखी चार घेणार होत्या. त्या पहिल्या फौंड्रीत माझी ओळख लावली ती सरांनी.

सर म्हणजे मला प्रोग्रॅमिंग शिकवणारे सर. गारगोटी गावाकडं रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले, जैन घरातले, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारे. पंचावन्न उलटल्यावर स्वतः पुस्तकं आणून भाषा शिकले आणि मग मला शिकवली. त्या फौंड्रीसाठी त्यांनी एकच प्रोग्रॅम लिहिला होता. वितळलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती ते आकडे घातले की भट्टीत आणखी काय किती किलो टाकायचं, ते तो सांगायचा. शेजारच्या दोन फौंड्र्याही तो मागत होत्या. सर म्हणायचे, "पेन्शनीत माणूस नुसता बसून कुजतो बघ. मी वाचलो." त्या प्रोग्रॅमवर त्यांचा जीव होता, आणि फौंड्रीतला मानही त्याच्यावरच होता.

आता थोडं धंद्यातलं सांगते. प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालेल असा बांधून देणं वेगळं. प्रोग्रॅमला त्या भाषेच्या स्वतःच्या काही फायली लागतात, आणि त्या काळी त्या सगळ्यांच्या सामाईक, एकाच फोल्डरमध्ये असायच्या. नळ एक आणि बिऱ्हाडं दहा. ज्या आवृत्तीवर प्रोग्रॅम बांधला तेवढी तरी नवी फाइल तिथं पाहिजे, नाहीतर अडलंच. सरांना भाषा माझ्यापेक्षा चांगली यायची, नवी आवृत्ती आली की ते ती मिळवून शिकायचे. पण बांधाबांध त्यांना जमत नव्हती. त्यांचा सेटअप त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून मीच बांधून दिला होता. "सेटअपचं ती बघते," असं ते फौंड्रीत कौतुकानं सांगायचे.

माझ्या ऑफिसात मात्र जुनीच आवृत्ती होती. पावसाळ्यात मी माझी सीडी घेऊन फौंड्रीत गेले. सेटअप चालू केला आणि खिडकी आली: इथं असलेली फाइल तुम्ही आणलेल्या फाइलीपेक्षा नवी आहे, इथलीच ठेवू का? मी 'नाही' दाबलं. नेहमी तेच दाबायचे. एकदा एका गिऱ्हाइकाकडं 'हो' म्हटलं होतं आणि माझा प्रोग्रॅम उघडलाच नव्हता, तेव्हापासून सवयच झाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझे दाखले झकास छापले, मालकांनी चहा पाजला, मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सरांचा प्रोग्रॅम बंद पडला. उघडायचा, आकडे घेतले की कसलातरी नंबर दाखवून मिटायचा.

भट्टी काही थांबत नाही. माणसांनी अंदाजानं माल टाकला आणि एक अख्खा लॉट परत आला. मालकांचा आवाज मुळातच खणखणीत. माझ्यासमोर ते सरांना म्हणाले, "मास्तर, तुमचं आता जुनं झालं की ओ. ह्या बाईंचं बघा, कसं पळतंय!" सर हसायचा प्रयत्न करत होते. जुनं! नवी फाइल त्यांची होती, जुनी मी आणली होती. मला तेव्हा नक्की कळलं नव्हतं, पण खाई त्याला खवखवे. संध्याकाळी मी माझी सीडी काढून फायलींच्या तारखा बघितल्या आणि खात्री झाली.

सांगायला एक वाक्य लागलं असतं. नाही सांगितलं. माझी सीडी दुसऱ्याचे प्रोग्रॅम मोडते हे कळलं असतं तर त्या चार फौंड्र्यांनी मला दारात उभं केलं नसतं. भ्याले मी, सरळ सांगते.

सर माझ्याकडं आले. "घरी चालतंय, तिथं चालत न्हाय. सेटअप बरोबर हाय न्हवं?" मी म्हटलं, "बरोबर आहे, सर." त्यांनी मान हलवली. "मग माझंच कायतरी चुकतंय."

त्यांनी सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला, प्रत्येक ओळीला पेनानं नंबर घातला आणि वरून खाली तपासायला बसले. दोन महिने. रोज फ्लॉपी घेऊन फौंड्रीत जायचे, प्रोग्रॅम रोज पडायचा. पुढं पुढं मालक त्यांना बसा म्हणेनासे झाले. एकदा सर मला म्हणाले, "डोक्यात कायतरी व्हायलंय काय गं मला? वाचलेलंच परत वाचतो." मी म्हटलं, विश्रांती घ्या. काय तोंड माझं!

शेवटी मलाच सोसेना. दाखल्यांचं काहीतरी निमित्त काढून मी फौंड्रीत गेले आणि सरांच्या सेटअपमधली ती नवी फाइल गुपचूप जागेवर ठेवली. सरांचा प्रोग्रॅम लगेच चालला. माझाही चालला. म्हणजे त्या दिवशी 'हो' दाबलं असतं तरी माझं काहीही बिघडलं नसतं.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. झाकली मूठ झाकलेलीच राहील. पण मालक मागंच उभे होते. "आयला, चाललं की! मास्तरांना दोन म्हयनं जमलं न्हाय, तुम्ही दोन मिंटात केलं व्हय?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन उचलून सरांना तेच ऐकवलं. वर म्हणाले, "आता ह्याचंबी बाईच बघतील. तुम्ही कशाला येताय एवढ्या लांब." मी शेजारी उभी होते.

त्यानंतर आठवड्याभरात पर्युषण संपलं. क्षमावाणीच्या दिवशी सर दरवर्षी ओळखीच्यांच्या घरी जायचे, वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा मागायला. त्या दिवशी सकाळी ते माझ्या ऑफिसचा जिना चढून आले. धाप लागली होती. त्यांनी माझ्यासमोर, आपल्या विद्यार्थिनीसमोर, हात जोडले. "उत्तम क्षमा. माझ्या प्रोग्रॅमपायी तुला लई ताप झाला."

आता बोल, आता तरी बोल, असं माझं मन ओरडत होतं. ती वेळ परत येणार नव्हती आणि मला ते कळत होतं. मी म्हटलं, "उत्तम क्षमा, सर. असू दे हो."

ते बसले. पिशवीतून तो कागदांचा गठ्ठा काढला आणि चष्मा लावला. "कुठं चुकलं होतं तेवढं दाखव. मला सापडलं न्हाय."

समोर गठ्ठा आणि पेन धरलेला त्यांचा हात. मी म्हटलं, "एकशे सदतिसावी ओळ, सर. छोटंसंच होतं." तोंडाला आला तो आकडा मी सांगितला. त्यांनी त्या ओळीभोवती लाल गोल काढला, "बरं झालं," म्हणाले आणि जिना उतरून गेले. शेजारच्या दोन फौंड्र्यांचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही. त्यानंतर त्यांनी एकही प्रोग्रॅम लिहिला नाही.

मला त्या चारही फौंड्र्या मिळाल्या.

सहा-सात वर्षांनी सर गेले. दिवस झाल्यावर मी भेटायला गेले तर सरांच्या बायकोनं, काकूंनी, तो गठ्ठा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यातलं आम्हाला काय कळतंय? तूच ने. सारखं हेच एक पान काढून बसायचे."

ते पान बोटांनी मळून मऊ झालं होतं. लाल गोलाशेजारी, समासात आणि पाठीमागं, सरांनी तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवलं होतं. निळ्या शाईत, काळ्या शाईत, शेवटी शेवटी थरथरत्या पेन्सिलीनं. सगळीकडं उत्तर एकच. खाली लिहिलं होतं: मला बरोबर दिसते. पण ती म्हणाली आहे, म्हणजे चूक असणार.

ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. बरोबर होती.