आईच्या कानाची पाळी

आईच्या वर्षश्राद्धाआधी बाबांनी तिचा टाक करायला सांगितला. टाक म्हणजे देवघरात बसवायचा, गेलेल्या माणसाची आकृती उठवलेला चांदीचा छोटा पत्रा. मी फणकारलो, "सारे टाक सारखेच दिसतात. मी तिचा चेहराच घडवतो." वाशीमच्या खोलीत कॉम्प्युटरवर मूर्ती घडवणं हाच माझा पोटाचा धंदा. बाबांची नजर केव्हाच गेलेली. ते एवढंच म्हणाले, "पाह्य बापा. मले हातानं समजली पायजे."

डोकं, अंबाडा, कान, पदर असे तुकडे मी वेगवेगळे घडवले. डाव्या कानाची पाळी चिरलेली केली, होती तशी. दोन वर्षांचा असताना हट्टापायी मीच तिची बाळी ओढली होती. त्या कानात तिनं पुन्हा काही घातलं नाही, आणि मला कधी बोलली नाही. लाज वाटत होती, म्हणून तेवढं काम घाईनं उरकलं.

तुकडे एकमेकांत रुतवले तरी आतून सुटेच राहतात, आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायला एकसंध मूर्ती लागते. म्हणून सगळ्यांवरून नवी सलग जाळी घालायची. याला रीटोपॉलॉजी म्हणतात. जाळीची घरं मोठी ठेवली की काम लवकर होतं, पण बारीक फटी बुजतात. हे मला पक्कं ठाऊक. तरी कंटाळा केला, आणि कानाकडे वळून पाहिलंच नाही.

अकोल्याहून छापून आणलेली मूर्ती बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं कपाळावरून, नाकावरून फिरली. अंबाड्यापाशी ते हसले. मग डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून पुन्हा पुन्हा चाचपू लागले.

"हे तुई माय नोय," ते म्हणाले. "श्राद्धाले हे बसवू नको."

माझं डोकं सटकलं. "बाकी तं सारी तेच हाय ना? इतक्याशा कानासाठी काहून अडून बसले?"

"डोये गेल्यावर मी तिले त्या कानानंच वळखत होतो," बाबा म्हणाले, आणि मूर्ती माझ्याकडे सरकवली. मी पाळीवरून बोट फिरवलं; चीर बुजून गेली होती.

श्राद्धाला चार दिवस उरले होते. फाईल उघडली. सुटे तुकडे मी आधीच पुसून टाकले होते, त्यामुळे पाळी आता हातानंच चिरावी लागणार होती. पाळीवर पेन टेकवलं. पहिल्या खेपेला, बाळी ओढली तेव्हा, मला कळत नव्हतं. या खेपेला तिची माफी मागितली, आणि चिरली.